कानोसा

स्वीनॉय बेटाची बोट चार दहाला,
असं पाटीवर.
वारा मात्र पावणेतीनलाच फिरलेला
आणि बोट केव्हाच रद्द.

धक्क्यावर तुम्मास, सत्तरीचा,
पोत्यात बटाटे, खिशात बहिणीचा नवा चष्मा.
त्यानं पाटी वाचली, मग समुद्र वाचला,
आणि ऑफिसात फोन लावला:
"तुमची पाटी अजून सकाळचंच बोलतेय, बाई.
पुढचं तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही."

तोर्सहाव्नला, तिसऱ्या मजल्यावर,
रान्वा कोड उघडून बसली.
वाऱ्याचा वेग जिवंत: बदलला की हाक देतो.
लाटांचा आकडाही तसाच.
बोट सुटणार का, हे त्या दोघांचा कानोसा घेत
आपलं आपण ठरतं,
कुणी मध्ये पडायला नको.
बाकी सगळ्या स्क्रीनवर लाल अक्षरांत: रद्द.
ही एकच पाटी ढिम्म.

दीड तास गेला. कॉफीवर साय धरली.
मग सापडली ओळ, एकोणचाळिसावी, तिचीच,
मार्चमध्ये घाईत लिहिलेली:
वेळ एकदाच वाचून
वेगळं नाव देऊन बाजूला ठेवलेली.
दिसायला किती नीटनेटकी!
खरं तर गळाला लागलेला मासा.
तेच खवले, तोच डोळा,
वजनही तेवढंच भरेल,
पण पाणी वळलं तर तो आता वळणार नाही.

"काढून आणू नकोस," हानुस म्हणायचा, शिकवताना,
"जिथं आहे तिथं जाऊन बघ. दर वेळी."
दर वेळी?
तिला तो म्हाताऱ्याचा चेंगटपणा वाटला होता.

तिनं ते नाव पुसलं.
पाटी क्षणभर कोरी, मग लाल.

निघताना कुणीतरी जिन्यात विचारलं,
"भाऊ अजून ऑलबोर्गलाच ना?"
"हो," ती म्हणाली,
आणि दोन पायऱ्या खाली जाऊन थांबली.
हे आपण वाचलं कधी?
नाताळात? की त्याच्याही आधीच्या?

फोन काढला, तोच तो वाजला. तुम्मास.
"आता खरं बोलते हो तुमची पाटी.
मी काही थांबलो नव्हतो. घरी आलो, बटाटे उकडतायत."
मागे झाकण खडखडत होतं.
"चष्मा तेवढा राहिला.
उद्यापर्यंत वाचेल ती अंदाजानं."