तिसरा हात

जॅकच्या पत्र्याला बोट लावलं की गुणगुण थांबते.
बोट काढलं, सुरू.
वाजवायला दोन हात लागतात,
गप्प करायला तिसरा.
म्हणून नागमणी शेजारी बसायची, बोट टेकवून,
दुसऱ्या हातानं भूगोल.

केबल बदलली. ट्यूब बंद केली.
व्हॉल्यूमची खुंटी फिरवली की
तव्यावर शेंगा भाजल्यागत तडतड.
वाटलं, भिंतीपलीकडच्या गुंडेटींचे माग;
पण माग बंद, साखर पेठ झोपलेली,
ही आपली चालूच.

शेवटी यल्लप्पाला बोलावलं, मागाच्या मोटारी बांधणारा.
"गिटार कधी उघडली नाही," म्हणाला,
"पण वायर ती वायरच की बे."
झाकण काढून एकेक तार बोटानं हलवत गेला,
तुटका धागा शोधतात तसा,
आणि घोडीखाली थांबला.
काळी वायर. टाका सुटलेला.
"अर्थिंगच नाही हिला. पोरगी होती म्हणून भागलं."

कथलाचा एक थेंब, थोडा धूर.
खुंटीत फवारा मारला, दहादा फिरवली.

आता इतकं शांत
की गुंडेटींचा धोटा मोजता येतो.
नागमणी दारात उभी,
वही छातीशी.
"मग मी कुठं बसू?"