खळ

भाऊच्या धक्क्यावरून साडेसहाला निघालो.
बॅगेत उच्च न्यायालयाचा हुकूम, शिक्क्यासह तीन प्रती,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर.
सत्तावीस वर्षं माणसांच्या दारांवर कागद डकवले मी,
परळच्या खोल्या, काळबादेवीतले गाळे,
एकदा एक दवाखाना, आत पेशंट कण्हत असताना.
जहाज पहिल्यांदाच.

जोमा तांडेल म्हणाला,
"साहेब, जहाजाला अटक करनार म्हंजे बेड्या खंय घालनार?"
म्हटलं, कायद्यात जहाज म्हणजे माणूसच.
दावा त्याच्यावर, देणं त्याच्या नावावर,
हजर राहायचं तेही त्यानंच.
"मंग माजी होडी पन मानूस," तो म्हणाला,
"तिला रेशनकार्ड काढून द्या."

मग बराच वेळ नुसतं इंजिन.

प्रॉंग्सचा दीपस्तंभ मागे पडल्यावर मीच सांगत बसलो,
बारा मैल आपलं राज्य,
दोनशे मैल आपली मासळी,
त्याच्या पुढे सगळ्यांचं.
जोमानं सुकाणू मांडीखाली दाबलं, विडी पेटवली.
"बाराच्या पल्याड रोज रातची दिवाळी असते, साहेब.
पान्यात दिवे सोडतात, पिल्लांसकट उपसतात.
पोलिसांची बोट बारावर थांबते.
मासा थांबत नाय."

जहाज जवळून मोठं नव्हतं, नुसतं उंच होतं.
नावाच्या रंगाखाली जुनं नाव,
पोपडा उडाला तिथे त्याच्याही आधीचं.
निशाण अशा देशाचं ज्याला किनाराच नाही.
मालक: कुठल्याशा बेटावरची एक टपालपेटी.
नोटीस पाठवली तेव्हा पोचल्याची सहीसुद्धा आली होती,
वाचता न येणारी.

दोरशिडीवर माझे गुडघे लटपटले.
वरून हात दिला तो मुश्ताक परकारनं,
दाभोळचा, सारंग.
"या, तुमचीच वाट बघत होतो."
बेलिफाला हे असं कोणी म्हणत नाही.

दावा त्यांनीच लावलेला, अकरा खलाशांनी.
चौदा महिने पगार नाही.
जहाज विकलं की आधी त्यांचे पैसे, मग तेलवाल्याचे, मग बँकेचे,
कायदा एवढा तरी त्यांच्या बाजूचा.
पण विकेपर्यंत राखण कोणी करायची?
त्यांनीच.
रिकामं जहाज भरकटतं, भिंतीसारखं येऊन आदळतं कुणावर.
म्हणजे स्वतःच्या खोलीला बाहेरून कुलूप लावून
माणसानं आत बसावं, तसं.

हुकूम डकवायचा होता चाकघराच्या काचेवर.
टेप लावली. खारट दमटीनं सुटली.
पुन्हा लावली.
परकार म्हणाला, थांबा, खळ करून देतो.

भटारखान्यात त्यानं पिठाचा डबा उलटा करून
बुडावर थाप मारली.
जे पडलं ते पाण्यात कालवलं.
खळ शिजू लागली तसा गव्हाचा वास सुटला
आणि एकेक जण येऊन दारात उभा राहिला.
कुणी काही बोललं नाही.
मी कागद लावला, तळहातानं बुडबुडे काढले,
'प्रतिवादी जहाजाने जागेवरून हलू नये',
अक्षर न् अक्षर सपाट बसलं.
मागे वळलो तर तो बर्मी पोरगा
पातेल्यात बोट फिरवत होता.

खाली उतरलो.
जोमानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
पण डोळे असतात माणसाला.
त्यानं आपला डबा उघडून पाहिला,
तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, कांदा,
पुन्हा बंद केला, दोराला बांधला, वर हाक घातली.

मी हुकमाची उरलेली प्रत काढली, नीट वाचली.
जहाजावरून काही उतरवू नये, असं होतं.
चढवू नये, असं कुठेच नव्हतं.

अहवालात लिहिलं: बजावणी पूर्ण. होडीभाडं इतकं.
त्याला आता पाच महिने झाले.
लिलावाला दोनदा गिऱ्हाईक आलं नाही.
धक्क्यावर भेटला की जोमा विचारतो,
साहेब, माजा डबा?