सावळीतले छज्जे

घरकुलाच्या मोजणीला आलो होतो,
हातात टेप, फोनवरून जागेचे फोटो पाठवायचं काम.
बाराव्या घरापाशी लक्षात आलं,
अकरा खिडक्यांवर एकच छज्जा पाहिला आपण:
पुढे झुकलेला, जरासा जास्तच,
उन्हातून कोण येतंय हे निरखताना
कपाळाशी धरलेल्या हातासारखा.

कुणाचा सिमेंटचा, कुणाचा फरशीचा,
एकाचा तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून केलेला,
झुकाव तोच.
फोन टेकवून मोजला. एक्केचाळीस अंश.
पुढचा बेचाळीस. कोडापेंच्या गोठ्याचा पुन्हा एक्केचाळीस.

"रंगारी मास्तरणीचा पाहून," सगळे म्हणाले.

चौसष्ट सालचं घर, शाळेमागे.
धाब्यासारखं सपाट, पण धाब्याची माती नसलेलं,
विटांच्या दोन भिंती, मध्ये वीतभर कोंडलेली हवा,
पश्चिमेला एकही खिडकी नाही,
सपरी मात्र अख्खा वर्ग मावेल एवढी.
नागपूरचा मोहरील म्हणून कुणी पोरगेला आर्किटेक्ट
नकाशांची गुंडाळी काखेत घेऊन एस्टीतून उतरायचा.
त्याच्या नकाशात खिडक्या बोडक्या होत्या,
कुठल्याशा थंड देशाच्या पुस्तकातून आलेल्या.

मग मे महिना लागला.

पुढची गोष्ट गावात तीन तऱ्हांनी सांगतात.
मला आवडलेली अशी:
गारा वाहणाऱ्या बाईने तान्ह्या पोरावर सूप तिरपं लावलं,
मोहरील दुपारभर त्या सुपाची सावली पाहत बसला,
आणि सांजच्या एस्टीआधी
नकाशावर खिडकीगणिक एक तिरकी रेघ ओढून गेला.

ती बाई, पार्बता बेलदार, अजून आहे. ऐंशीला टेकलेली.
विचारलं, तर खाटेवरूनच म्हणाली,
"कायचं सूप आनते बावा कामावर? घमेलं होतं.
दोन इटा लावून उभं केलं.
अन् थो पाह्यत नव्हता, निजला होता.
उठला त त्याच्या तोंडावर ऊन, पोराच्या तोंडावर साउली.
तवा त्याले समजलं."

उन्हाळ्यात गावच्या बाळंतिणी
मास्तरणीच्या सपरीत दुपार काढायला यायच्या,
जाताना छज्ज्याकडे वर बघून जायच्या.
असा तो आळीआळीने पसरला.
भिंतीतली हवा कुणीच नेली नाही.
ती दिसत नव्हती.

घमेल्याखालच्या त्या पोराचं आर्वीला दुकान आहे,
निळ्या काचांचं.
छज्जे आता जुने झाले, तो गिऱ्हाइकाला सांगतो,
मोठी खिडकी काढा, एसी बसवा.
आईच्या घराला तेवढी काच लागली नाही.
तिने दार लावून घेतलं होतं, म्हणे, दोन दिवस.

माझ्या नमुन्यात रकाने आहेत: पाया, जोतं, लिंटेल, छत.
एकेका रकान्याला एकेक हप्ता.
छज्ज्याला रकाना नाही.
खाटेच्या कडेला बसून
मी छापील नकाशातल्या एकुलत्या खिडकीवर
पेन्सिलने एक तिरकी रेघ मारली,
कुणी विचारलं तर खोडता येईल अशी.

पार्बताबाईंनी कागद डोळ्यांशी नेला,
आधी उलटा, मग सुलटा.
"लय वर गेलं," म्हणाल्या,
"पोरगं पोयते अशानं.
थोडं खाली घे."