चौदा मणी

कुपवाडच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे
भाड्याच्या दोन खोल्या. तिथं मी विष ओवते.
घरी असं सांगत नाही.
घरी म्हणते, औषधाची कंपनी आहे, पगार वेळेवर होतो.

चौदा मणी, एकापुढे एक.
मशीन ओवतं खरं तर, मी राखण करते रात्रभर:
एक मणी चढला, धुतलं,
दुसरा चढला, धुतलं.
अब्बा गणपती पेठेत बसायचे पोती ओवत,
रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातांत,
आणि दातांतूनच बोलायचे,
जबीन, मणी काय कुणीही ओवेल,
गाठ बसली पाहिजे.

यातले सहा मणी गंधकाचे.
ते आपापसांत जोड्या लावतात, तीन जोड्या,
पंधरा तऱ्हांनी लावू शकतात.
चौदा तऱ्हा वाया.
पंधरावी लागली तर धाग्याची किल्ली होते,
आतड्याच्या कुलपात फिरते,
आणि आतडं पाणी सोडून देतं.

किल्ली मूळची माझी नव्हे. एका जंतूची.
त्यानं ती घासून घासून केली, कुणाच्या घरात शिरायचं
हे न विचारता.
अफरीनच्या घरात शिरला.
पाचचा पूर, शाळेतली छावणी, फळ्यावर अजून
जुलै महिन्याचा सुविचार.
खालाची अफरीन, साडेतीन वर्षांची, सकाळी बिस्किट मागत होती,
रात्री तिच्या बोटांची कातडी
चिमटीत धरली तशीच उभी राहिली.
सलाईन होतं. आयर्विन पुलाच्या पलीकडे होतं.

मी जंतूच्या माळेतले टोकाचे मणी काढून टाकले,
एक बदलला,
म्हणजे माझ्या आधीच्या कितीजणांनी बदलले होते, मी फक्त
अजून एक बदलून पाहिला.
आता ती रक्तात उतरत नाही, आतड्यातच राहते,
काम करते आणि झिजून जाते.
लिहायला तीन ओळी. करायला सहा वर्षं,
आणि एकदा पूर्ण बॅच सिंकमध्ये ओतून
पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून रडणं.

मिरजेला चाचणी सुरू झाली.
बाकावर धोंडीराम एडके, निवृत्त ड्रायव्हर,
सव्वीस वर्षं जत-सांगली गाडी,
कळ आली तरी स्टॉप येईपर्यंत दाबून धरलेली,
शेवटी पोटानं सांगणंच सोडून दिलं.
इसबगोल, एरंडेल, त्रिफळा, कुणीतरी सांगितलेला गरम पाण्यातला साबण.
चार-चार दिवस. सहा दिवस.
लग्नाला जायचं नाही, गेलं तर जेवायचं नाही.
उपाध्ये डॉक्टरांनी विचारलं, कसं काय?
एडके आधी माझ्याकडे बघून लाजले,
मग छाती भरून म्हणाले,
डॉक्टर, आज पहाटे आपली गाडी
टायमाला सुटली.

सगळी ओपीडी हसली. मीही.
गोळीतलं विष मोहरीच्या दाण्यापेक्षा
कितीतरी कमी.
हसता हसता मला ते फळ्यावरचं वाक्य आठवायचा प्रयत्न चालला होता,
आठवलं नाही.

ईदला खालानं शीरखुर्मा वाढताना विचारलं,
तुझ्या औषधानं जुलाब थांबतात का गं?
म्हटलं, नाही खाला. होतात.
वाटी तिच्या हातात राहिली.
थांबवणारं का नाही केलंस?
काय सांगू. थांबवणारं होतंच, खाला,
मीठ, साखर, उकळलेलं पाणी,
आणि एक बोट.
ते प्रयोगशाळेत करता येत नाही.

तिनं खजूर जास्त घातला माझ्या वाटीत.
अब्बा कोपऱ्यात कुणाच्या तरी सुनेची पोत गाठवत होते,
दृष्टी गेली, बोटं बघतात.
गाठ मारली, ओढून पाहिली,
परत सोडवली.