बावीस ताटल्या

मंगळवारी पाचवीचा वर्ग येतो
पिवळ्या बसने, ग्लॉस्टरच्या धक्क्यावर.
मी सांगते, तोंड शिडीकडे करून उतरा
आणि डोकं सांभाळा. ही तुळई
शंभर वर्षांत कुणासाठी वाकलेली नाही.

खाली नाळेतल्या खोलीत अजून डांबराचा वास.
दोन्ही अंगांना फळ्या, एकीवर एक.
"झोपा," म्हणते मी, "दोघं दोघं."
वेंडेलचे बूट ओडेटच्या कानाशी.
खिदळतात. कुणीतरी विचारतंच, संडास कुठंय?
मी बादली दाखवते.
त्यानंतर पाच मिनिटं शिकवणं शक्य नसतं.

मग गळ. एका दोरीला पाचशे,
प्रत्येकाला आमिष, पहाटे तीनला,
बोटं आपली आहेत की नाहीत हे न कळता.
मग डोरी, सपाट बुडाची होडी.
वरच्या फळ्यांवर त्या एकीत एक बसवलेल्या,
घासून ठेवलेल्या वाट्यांसारख्या.
एकीत दोन माणसं, वल्ह्यांच्या दोन जोड्या,
आणि पत्र्याचा भोंगा, धुक्यासाठी.

"कप्तान मोठा की आचारी?"
हात वर होतात. कप्तान, कप्तान!
चूक. वादळात कप्तान,
बाकी सगळे दिवस आचारी.
(मनात मी त्यांना तांडेल म्हणते, भंडारी म्हणते.
स्वेटरच्या आत वेंगुर्ल्याचं जुनं बनियन
घालावं तसं. बाहेर दिसत नाही.)

शेवटी जेवणाचं टेबल, तीन कोनांचं,
मधून डोलकाठीचा बुंधा गेलेला.
मुलं पत्र्याच्या ताटल्या मांडतात,
मोठ्यानं मोजत. बावीस.
मग मी काही न बोलता दोन उचलते.
माझ्या कागदावर तसंच लिहिलंय:
दोन ताटल्या उचला. थांबा. प्रश्न येऊ द्या.

नेहमी येतो. त्या कुणाच्या?
मग मी धुकं सांगते, फेब्रुवारी सांगते,
भोंग्याला भोंग्यानं न दिलेलं उत्तर सांगते,
आणि हे, की सगळ्यांत आधी कळायचं
ते आचाऱ्याला, वाढायच्या वेळी.

आज प्रश्न आला नाही.
डेल्फीना अविला उठली,
दातांना तारा लावलेली, सकाळपासून गप्प असलेली.
माझ्या हातातून ताटल्या घेतल्या
आणि परत मांडल्या,
पण आधीच्या जागी नाही. टोकाला,
जिथून शिडी दिसते.
"उशीर झाला असेल त्यांना," म्हणाली.

कागदावर पुढं काहीच नव्हतं.
त्यांच्या बाईंनी घड्याळ पाहिलं,
वरून बसचा हॉर्न आला,
आणि मुलं वर गेली, बुटांचा धडधडाट करत,
तोंड शिडीकडे करून, सांगितल्यासारखी.

मी वीस ताटल्या पुसून फळीवर रचल्या.
मग वर येऊन झडप लावायची होती.
लावली.
उगाच जरा वेळ लावून.