तिरका बल्ब

बद्रीलाल म्हणाला, ट्यूब बंद करा ताई.
समोरून उजेड पडला की भिंत गोड बोलते.
मग साठचा बल्ब वायरीला धरून
त्यानं भिंतीशी नेला, जवळजवळ टेकवला,
आणि इतकी वर्षं सपाट समजलेली आमची भिंत
उठून दिसू लागली:
खळगे, फुगवटे, जुन्या ब्रशाचे अडकलेले केस,
खिळ्यांचे देवीच्या व्रणांसारखे ठिपके.

इंदुरात, लोकमान्य नगरात, दसऱ्याचा आधीचा आठवडा.
कपाट, टीव्ही, देव्हारा
एकाच फाटक्या पडद्याखाली मधोमध.
पोहे आम्ही उभ्यानंच खातो,
जिरावणावर पांढरी भुकटी बसायच्या आत.

तीन दिवस नुसतं खरवडणं.
पत्र्याच्या पट्टीखालून निघाला पिस्ता,
पिस्त्याखाली गुलाबी, जो मी निवडला होता
नवी नवी होते तेव्हा,
त्याखाली निळीचा चुना, सासूबाईंच्या वेळचा.
सुपलीभर पोपडे. बाहेर टाकून आले.

मग लांबी.
भज्यांच्या पिठाहून घट्ट, श्रीखंडाहून सैल.
एक हात. वाळू द्यायची. घासायची.
ऐंशीचा कागद, एकशेवीसचा, मग दोनशेवीसचा.
शेवटी डोळे मिटून तळवा फिरवतो.
रंग काय, माझा पोरगाही मारेल, म्हणतो,
मी पैसे घेतो ते याचे.

आज तो पूर्वेच्या भिंतीशी थांबला.
बल्ब वर नेला, आडवा नेला, खाली आणला.
इथं दार होतं का?

होतं.
त्यातून आमची विळी पलीकडे जायची,
पलीकडचं विरजण इकडे यायचं.
सत्त्याण्णवला, वाटण्या झाल्यावर,
ह्यांनी आणि थोरल्या भावजींनी बुजवून घेतलं.
विटांचे पैसे निम्मे निम्मे.
गवंड्याला चहा मात्र दोन्ही घरांतून गेला होता.

दर दोन वर्षांनी तडा तिथंच येतो.
दोन वयांचं प्लास्टर, बद्रीलाल म्हणतो,
नुसती लांबी चोपडून भागायचं नाही.
तडा आधी रुंद करायचा, आतपर्यंत साफ करायचा,
जाळीची पट्टी, मग भरायचं.
त्यानं छिन्नी लावली.

दोन ठोके पडले आणि पलीकडचा मिक्सर थांबला.
शैलाताईंचा आवाज, विटांतून आल्यासारखा:
काय चाललंय गं तिकडे?
लांबी भरतोय, मी म्हटलं. जरा मोठ्यानंच.
तुमच्या बाजूला पण आहे का तडा?

बराच वेळ काही नाही.
मग, आहे. कॅलेंडरामागे.

बद्रीलालनं पट्टीवरची लांबी डब्यात परत टाकली,
वर ओलं फडकं झाकलं
आणि म्हणाला, जेवून येतो.