वायव्येची खाच

आमच्या रानाला वायव्येला एक खाच आहे,
भाकरीचा कोणी घास मोडून न्यावा तशी.
द्राक्षाच्या बाकी ओळी सत्तेचाळीस वेलींच्या,
तिथल्या चार चाळीसवरच थांबतात.
पुढे घाणेरी, तरवड, फाटकी ताडपत्री,
औषधाचे रिकामे डबे.
ट्रॅक्टर वळवताना दरवेळी मी शिवी घालतो.
कुणाला, ते ठाऊक नाही.

हक्कसोडीवर सही मागायला गेलो
तेव्हा कुंदा म्हणाली, "देते की.
पण आधी सांग, ती खाच कशाची?
लहानपणी विचारलं तर दादा म्हणायचे,
मोजणीवाल्याचा हात हलला असेल."

म्हणून मी दिंडोरीला, भूमी अभिलेखच्या दारात.
अर्ज, तिकीट, चलन. साहेब साइटवर.
मंगळवारी या. मंगळवारी, गुरुवारी या.
गुरुवारी तांबड्या फडक्यातलं गाठोडं सुटलं
आणि झुरळांच्या अंड्यांसकट
आमचं शेत टेबलावर आलं.

सातबारा फार मागे चालत नाही, लवकर दमतो.
गट दोनशे एकोणीस. त्याआधी सर्व्हे नंबर अडुसष्ट,
पोटहिस्सा दोन.
'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना आहे, आमचा कोरा.
जुन्या कागदात तिथे लिहिलंय: गवळदरा.
पन्नास वर्षं मी त्या रानाला नुसतं 'वरचं' म्हणत आलो.

टिपण मोडीत. ते वाचायला दशपुत्रे आले,
नाशकाहून, एसटीनं, डबा घेऊन.
चष्म्यावर आणखी एक भिंग धरून पुटपुटत राहिले:
"साखळी चौदा, आणे सहा. इथं धोंडा.
इथून बांध डावीकडं.
मग... थांबा. मग साखळी वळलीय."
नखाखाली शाईचा ठिपका, माशीएवढा.
"आंबा एक. तुळी कोम चिंधू, हिचा."

जमीन कोंडाजी बिन रावजीची, म्हणजे आमची.
झाड तिचं.
मोजणीदारानं सावली धरून साखळी फिरवली.
दुपार असावी, सावली बुंध्याशी गोळा झालेली.
दिवस कलताना मोजलं असतं
तर आणखी दोन ओळी गेल्या असत्या.

कोण ही तुळी?
कागद एवढंच सांगतो. आडनाव नाही, गाव नाही.
आमच्या घरात हे नाव कधी कुणी घेतलं नाही,
भांडणातसुद्धा नाही.
एका आंब्यावर बाईनं किती वर्षं काढली,
पाडाला कोण चढायचं,
कोंडाजीच्या पोरांनी किती कैऱ्या चोरल्या,
हे मोजायला साखळी नव्हती.
पुढे एक फेरफार, निळ्या शाईत:
'सदर झाड वठले सबब नोंद कमी.'
झाड कमी झालं, तिच्यासकट.
खाच कमी करा, असा अर्ज कुणी दिला नाही.
दीड गुंठा पोटखराबा, आकार शून्य.

घरी येऊन पहार घेतली.
चाळिसाव्या वेलीपुढे, ठिबकच्या नळ्या सारून,
ढोपराइतकं खोल गेलो आणि टण्ण.
काळा धोंडा, डोक्यावर फुली.
झाडाचं काहीच नाही. एक मूळ नाही, कोय नाही.
फोटो काढून कुंदाला पाठवला.
दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

रात्री साडेदहाला फोन.
"सही करते. सगळ्यावर.
तेवढी खाच सोडून."
"अगं, तिथं काय पिकणार?"
"मी कुठं म्हटलं पिकवायचंय?"

स्टॅम्पवाल्याला कळेना.
पोटखराबा कोण मागून घेतं, म्हणाला.
मी म्हटलं, तुम्ही लिहा.
त्यानं चष्मा पुसला, बोटं कीबोर्डवर ठेवली.
नाव?
कुंदा.
भ्रतार?
मी म्हटलं, नुसतं कुंदा लिहा.
तो म्हणाला, नुसतं बसत नाही रकान्यात.